वीट, चिरा व चुना : शनिवारवाड्याच्या तटाविषयीं कांहीं विचार

शनिवारवाड्याच्या तटाविषयींची एक आख्यायिका पुण्यांत सर्वतोमुखीं आहे. थोरल्या बाजीरावांनीं वाड्यास दगडी तट घालण्याचें मनांत आणिलें. परंतु दगडी कोट बांधणें हा राजाचा मान, सेवकाचा नव्हे, अशी तक्रार साताऱ्यास जाऊन शाहू छत्रपतींची आज्ञा आली, आणि म्हणून तटाचें खालचें अंग दगडी व वरचें विटांचें झालें, असें सांगतात. आज्ञा झालीच नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या कथेच्या पोटीं एक गृहीत गोष्ट आहे, ती अशी कीं, दगड हा थोरपणाचा व वीट ही कमीपणाची. ही गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची रचना १७१५ च्या सुमाराची, म्हणजे वाड्याच्या पायाभरणीपूर्वी सुमारें पंधरा वर्षांची. त्यांतील दुर्गप्रकरणांत असें बजाविलें आहे कीं, गडावर राजमंदिराखेरीज मोठ्या इमारतीचें घर बांधूं नये. आणि त्या राजमंदिराच्या भिंती विटांच्या करून त्यांस चुना दाट घालावा. उंदीर, विंचू, किडामुंगी यांस थारा राहूं नये, हा त्यांतील हेतु. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. गड म्हणजे मूर्तिमंत फत्तर; दगड पायाखालीं आयता. असें असतां खुद्द राजाच्या घरास वीट सांगितली आहे. हें विधान घराच्या भिंतींचें आहे, तटाचें नव्हे, हा भेद आम्ही विसरत नाहीं. तथापि वीट ही सेवकानेंच वापरावयाची हलकी वस्तु, अशी समजूत त्या काळच्या जाणत्या कारभाऱ्याची नव्हती, एवढें तरी यावरून निर्विवाद ठरतें.

मग वीट कां, याचें उत्तर वस्तूंच्या गुणधर्मांत शोधावें लागतें. सह्याद्रीचा काळा फत्तर पाण्याहून पावणेतीन ते तीन पट जड. भार सोसण्यांत त्यास तोड नाहीं, आणि पाणी तो फारच थोडें पितो. म्हणून जमिनीची ओल जेथें चढते, तेथें जोत्यास तोच योग्य. परंतु त्याची घडाई पाथरवटाच्या छिन्नीस महाग पडते. वीट वजनानें पुष्कळ हलकी, हातानें उचलण्याजोगी, व चुन्यास घट्ट धरणारी. तोफेचा गोळा लागला असतां फत्तराच्या कपच्या उडतात. वीट बहुधा गोळा लागेल तेवढ्यापुरतीच चुरते. तेव्हां खालीं दगड व वर वीट ही मांडणी कोणाच्या आज्ञेवांचूनही शहाण्या गवंड्यास सुचण्यासारखी आहे. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. दगड चिंचवडच्या खाणींचा, साग जुन्नरच्या रानांतला व चुना जेजुरीकडील, अशी माहिती प्रसिद्धच आहे. १८२८ च्या आगींत सागाचें बहुतेक काम भस्म झालें. दगडी जोतीं आणि दगडविटांचा तट मात्र उभा राहिला.

विटेचा मान या देशांत पेशवाईहून फार जुना आहे. तेर येथील त्रिविक्रमाचें देऊळ विटांचेंच. आणि त्या गांवीं इतक्या सच्छिद्र विटा सांपडल्या आहेत कीं त्या पाण्यावर तरतात. कोंकणांत विटेचें काम जांभा करतो. खाणींत असतां तो मऊ, हत्यारानें सहज चिरला जाणारा, आणि हवेंत राहिल्यावर कठीण होणारा. १८०७ मध्यें फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांतील याच दगडास लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून नांव दिलें, तें उगीच नव्हे.

आतां चुना. वस्तुतः सर्व बांधकामाचा जीव यांत आहे. चुन्यावांचून बांधण्याचीही एक थोर परंपरा आपल्याकडे होती. तिला लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण अंबरनाथचें देऊळ शके ९८२ चें (इ. स. १०६०), हेमाद्रीच्या आधीं दोन शतकांचें, हें ध्यानांत ठेवावें. तेथें दगड दगडावर नुसत्या घडाईनें बसतो. अनघड दगड व वीट यांस मात्र चुना हवाच. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तिच्यांतील वायु निघून जातो व कळीचा चुना होतो. तो पाण्यानें विझवून घाणींत वाळूबरोबर मळतात. भिंतींत गेल्यावर तोच वायु हवेंतून हळूहळू परत घेऊन तो पुन्हा दगड बनतो. या क्रियेस वर्षें लागतात. त्यांत विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली तर तो ओलींतही धरतो. हौद व टाकीं यांस ती लागते, याचें कारण हेंच. आज्ञापत्रांत दारूखान्यास तळघर करून त्यांत गच्च करण्यास सांगितलें आहे, तेंही दारू सर्दावूं नये एवढ्याचसाठीं.

चुन्याच्या सांध्याचा आणखी एक गुण असा कीं तो भिंतीस श्वास घेऊं देतो. आंत शिरलेली ओल सांध्यावाटे बाहेर पडते, आणि भिंत किंचित् हलली तरी तो तडकत नाहीं. १८२४ सालीं पेटंट झालेलें पोर्टलंड सिमेंट याच्या उलट स्वभावाचें, कठीण व कोंडणारें. जुन्या भिंतीच्या दर्जा त्यानें भरल्या कीं ओल वीट-दगडांतून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशीं येऊन गोठतात, व वीट पापुद्र्यापापुद्र्यानें झडूं लागते. सांधा तेवढा जसाचा तसा राहतो. दुरुस्तीच्या नांवाखालीं अशीं कामें आजही होतात, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

यास उपाय म्हणून जुना चुना कोणत्या प्रमाणानें होत असे तें कळलें पाहिजे, आणि येथें संग्राहकांचा संबंध येतो. सनदा व पत्रें आपण जपतों. परंतु चुनेघाणीच्या मजुरीची, सुरखी, गूळ व हिरड्याच्या खरेदीची, भट्टीच्या सरपणाची याद दिसली कीं ती किरकोळ म्हणून बाजूस पडते. ज्यांच्या दप्तरांत अशा इमारतखर्चाच्या याद्या असतील त्यांनीं त्यांच्या नकला, वजनमापें व गांवांचीं नांवें जशींच्या तशीं ठेवून, मंडळाकडे पाठवाव्या. आणि त्या इमारतीची भिंत अद्याप उभी असल्यास तिच्या गळून पडलेल्या चुन्याचा एखादा खडाही सोबत असावा.