गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पैलवानानं फडात कधी उतरावं?

माळेगावची जत्रा जवळ आली की तालमीत एकच विचारणा: लिगामेंटचं ऑपरेशन झालेला गडी उतरवायचा का? दुखणं थांबलं म्हणजे गुडघा तयार झाला, असं नाही. नवं लिगामेंट घट्ट व्हायला वेळ लागतो. नऊ महिन्यांच्या आत फड नको. नंतर हे तपासा:

- सूज नाही, पाय पूर्ण सरळ होतो, पूर्ण वाकतो.
- मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के.
- एका पायावर लांब उडी टेपनं मोजा. चांगल्या पायानं १५० सेंटिमीटर, तर दुखऱ्यानं किमान १३५.
- उडीनंतर टेकताना गुडघा आत झुकत नाही.
- सरावात डाव टाकताना मनात भीती नाही.

विनेश फोगटचा गुडघा ऑगस्ट २०१६ मध्ये रिओत गेला. मे २०१७ मध्ये तिनं आशियाई स्पर्धेत रौप्य घेतलं. शेवटचा शब्द डॉक्टरांचा, वस्तादाचा नाही. जत्रा काय, पुढल्या वर्षी बी भरते.