वाय-फाय जोडणीतील दोषनिवारण

वाय-फाय जोडणीतील दोषनिवारण म्हणजे संगणक बिनतारी जाळ्याला जोडला जात नसल्यास, किंवा जोडला जाऊनही इंटरनेट मिळत नसल्यास, दोषाचे स्थान शोधून तो दूर करण्याची पद्धत होय. वाय-फाय तंत्रज्ञान आय.ई.ई.ई. ८०२.११ या मानकावर आधारलेले असून त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

दोषाचे स्थान

बोलण्यात वाय-फाय आणि इंटरनेट हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि बराचसा घोटाळा येथेच होतो. संगणक ते राउटर हा बिनतारी टप्पा वेगळा आणि राउटर ते सेवापुरवठादार हा टप्पा वेगळा. मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडून पाहावा. मोबाइलवर संकेतस्थळे उघडत असतील, तर दोष बहुधा संगणकातच असतो. प्रकाशतंतूच्या जोडणीत उपकरणावरील 'लॉस' हा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून संकेतच येत नसतो. मग संगणकावर कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ होय.

संगणकातील दोष

जाळ्याचे नावच दिसत नसल्यास विमान मोड चालू आहे काय, हे प्रथम पाहावे. जुन्या संगणकाला ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील जाळे दिसतच नाही. त्यासाठी राउटरवरील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू असावा लागतो. राउटरचा पासवर्ड बदलला असल्यास संगणकात साठलेले जुने जाळे विसरण्याचा पर्याय निवडून ते नव्याने जोडावे.

संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. पिंग आज्ञेला ८.८.८.८ या पत्त्यावरून उत्तर येते, परंतु नावाने एकही संकेतस्थळ उघडत नाही, अशा वेळी दोष डीएनएसमध्ये असण्याचा संभव असतो. संगणकाची तारीख चुकली असली तरी सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. जुन्या संगणकात आतील लहान बॅटरी संपल्याने असे घडते. हे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

क्षीण संकेत

जाड दगडी भिंती, लोखंडी कपाट व काँक्रीटचा स्लॅब यांमुळे संकेत क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, मात्र मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्याच्या आसपास चालत असल्याने तिचा व्यत्यय येतो. दाट वस्तीच्या इमारतींत शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांवर आक्रमण करतात. १, ६ आणि ११ या वाहिन्या परस्परांवर येत नसल्यामुळे त्यांतील कमी गर्दीची निवडावी.

राउटर पुन्हा चालू करणे

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे हा उपाय निरुपद्रवी असून पुष्कळदा पुरेसा ठरतो. टाचणीने दाबावयाचे रीसेट बटण ही मात्र सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. त्याने सेवापुरवठादाराने भरलेले नाव, पासवर्ड व इतर मांडणी पुसली जाऊ शकते आणि मूळचा किरकोळ दोष राहतो बाजूला. तंत्रज्ञ येईपर्यंत घरातील सर्वच उपकरणे बंद पडतात. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर हे बटण दाबण्यापूर्वी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अर्ज भरून घ्यावा.