मुंबईतील विहिरी, टाक्या आणि घरगुती डास-नियंत्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

घरातील व बागेतील उपद्रवी कीटकांचा विचार आज बहुधा औषधाच्या नावापासून सुरू होतो. काय फवारावे, किती फवारावे व किती दिवसांनी फवारावे, हेच प्रश्न प्रथम विचारले जातात. वस्तुतः डी.डी.टी.सारखी संश्लेषित कीटकनाशके उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधी मुंबई शहराने एका घरगुती कीटकाशी, म्हणजे हिवताप पसरविणाऱ्या डासाशी, मुख्यतः झाकणे, जाळ्या व मासे या साध्या साधनांनी झुंज दिली होती. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा मागोवा घेतला आहे. हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि नागरिकांच्या संमतीचा अधिक होता, असे येथे प्रतिपादन केले आहे.

डासाची ओळख

ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलिस डासाच्या जठरभित्तीत हिवतापाच्या परजीवीची अवस्था आढळली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९०१ मध्ये, डॉ. ग्लेन लिस्टन यांनी ॲनोफिलिस स्टीफेन्साय या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यामागे त्यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे केलेली निरीक्षणे होती. पुढे परळच्या प्रयोगशाळेशी त्यांचे नाव जोडले गेले. मुंबईच्या हिवतापाचा मुख्य वाहक ठरलेल्या या डासाची शास्त्रीय ओळख विदर्भातून झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

या डासाची एक सवय इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. तो दलदलीच्या शोधात हिंडत नाही. विहीर, हौद, टाकी, कारंजे अशा माणसाने बांधलेल्या जागेतील स्वच्छ पाणी त्यास मानवते. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे त्याचे उत्पत्तिस्थान शोधण्यासाठी शहराबाहेर जावे लागत नव्हते; ते घरमालकाच्या आवारातच होते. उपाय सोपा होण्याचे कारण हेच, आणि तो कठीण होण्याचे कारणही हेच.

विहिरींचा वाद

मुंबईस विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० मध्ये मिळाले. पुढे तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या तलावांची भर पडली. तथापि जुन्या विहिरी बुजल्या नाहीत. वाड्यांत, मंदिरांच्या व अग्यारींच्या आवारांत त्या वापरात राहिल्या. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांची चौकशी करून १९११ मध्ये अहवाल सादर केला. त्यात शहरातील विहिरी हे डासांचे प्रमुख उत्पत्तिस्थान असल्याचे दाखविण्यात आले होते. विहिरी बुजवाव्यात अथवा डासास शिरकाव होणार नाही अशा रीतीने बंदिस्त कराव्यात, अशी उपाययोजना पुढे आली. १८८८ च्या महानगरपालिका कायद्यान्वये मालकांवर नोटिसा बजावता येत होत्या.

या नोटिसांना विरोध झाला. पारशी समाजाच्या धार्मिक विधींत विहिरीच्या पाण्यास विशेष स्थान आहे आणि त्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडावा, अशी श्रद्धा होती. १७२५ मध्ये खोदलेली चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आजही भाविकांचे श्रद्धास्थान आहे. यावरून त्या भावनेची खोली ध्यानात यावी. अनेक हिंदू व जैन कुटुंबांनाही पूजेसाठी विहिरीचेच पाणी हवे होते. नळाच्या पाण्याविषयी सोवळ्याची शंका पूर्णतः मिटलेली नव्हती. या विरोधाची केवळ अंधश्रद्धा म्हणून वासलात लावणे इतिहासास धरून होणार नाही. १८९६ च्या प्लेगच्या वेळी आरोग्याच्या नावाखाली घरांत शिरलेल्या सरकारी पथकांची आठवण त्या काळी ताजी होती. शिवाय झाकणाचा खर्च मालकाने सोसावयाचा होता.

अखेर तडजोड निघाली. धार्मिक वापराच्या विहिरींवर बारीक तारेची जाळी लावलेली झडप बसविण्यास मुभा देण्यात आली. प्रकाश आत जाईल, पोहरा सोडता येईल, पण डास जाणार नाही, अशी ही योजना होती. योजना म्हणून ती नामी होती. मात्र झडप दिवसातून अनेकदा उघडली जाई व प्रत्येक वेळी कोणीतरी ती आठवणीने लावावी लागे. फाटलेल्या जाळीतून डास आत गेला, तर कागदोपत्री ती विहीर बंदिस्तच असे. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांना मुंबईतील हिवतापावर पुन्हा स्वतंत्र अहवाल लिहावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. त्याच वर्षी गॅम्बुसिया हा अळीभक्षक मासा भारतात आणला गेला. गप्पी मासे त्यापूर्वीच आलेले होते.

फवारणीचा काळ

डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील कारवार व धारवाड जिल्ह्यांत तिची फवारणी करून उल्लेखनीय यश मिळविले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. त्यापूर्वी देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण व आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. १९६५ मध्ये नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर आली. हे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. असंख्य कुटुंबांतील माणसे त्यामुळे जगली.

परंतु १९७६ मध्ये हीच संख्या सुमारे ६४ लाखांवर गेली. कीटकनाशकास डासांनी दाखविलेला प्रतिकार हे त्याचे एक कारण होय. पुरवठ्यातील व प्रशासनातील ढिलाई हे दुसरे. तिसरे कारण शहरांशी निगडित आहे. घरोघरच्या फवारणीचा भर ग्रामीण भागावर राहिला आणि शहरांतील अळीनाशाचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले गेले. शहरी हिवताप योजना सुरू होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात विहिरीची जागा गच्चीवरील टाकीने घेतली होती. डास मात्र तोच राहिला.

फवारणी घरमालकाकडून फक्त दार उघडण्याची अपेक्षा करते, झाकण रोजच्या लक्षाची अपेक्षा करते. प्रशासनास पहिला मार्ग अधिक सोयीचा वाटला, यात नवल नाही. दुसरीकडे, ज्या नगरपालिका टाक्या झाकण्याचा आग्रह धरतात, त्यांतील बहुतेक दिवसातून काही तासच पाणी सोडतात. मग पिंपे व हौद भरून ठेवण्यावाचून गृहिणीस गत्यंतर नसते. आरोग्य खात्याचा ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हा संदेश डासाच्या आठ-दहा दिवसांच्या चक्राशी अचूक जुळतो. तथापि पाण्याचा भरवसा नसलेल्या वस्तीत भरलेले पिंप ओतून देण्यास कोण धजावेल? सुस्थित घरांचे चित्र वेगळे. तेथे कुंड्यांखालील बशा, शोभेच्या वेलीची बाटली व शीतकपाटामागील पाण्याचे भांडे यांत डेंग्यूचा एडिस डास वाढतो आणि सायंकाळी खिडक्या लावून धुराची कांडी पेटविली जाते.

मुंबईबाहेर

विहिरी-टाक्यांचा हा डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे व २०१६ मध्ये इथिओपियात आढळला. इथिओपियातील दिरे दावा शहरात २०२२ मध्ये आलेल्या हिवतापाच्या साथीशी त्याचा संबंध संशोधकांनी दाखवून दिला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा प्रसार रोखण्यासाठी विशेष मोहीम जाहीर केली. तेथील डासांत अनेक कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकार आढळला असल्याने पाणीसाठ्यांची तपासणी व टाक्यांची झाकणे यांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. मुंबईत १९११ नंतर नोटिसा बजावताना पालिकेपुढे जे प्रश्न होते, म्हणजे झाकणाचा खर्च कोणी करावा, ते लागलेले आहे की नाही हे कोणी पाहावे आणि परक्या माणसास आवारात येऊ द्यावे काय, तेच आता त्या शहरांपुढे उभे आहेत.