खर्ड्याचा पाऊस आणि पडद्यावरचा काटा

बदलत राहणारी एकच संख्या एका दृष्टिक्षेपात सांगायची असेल, तर तबकडी आणि काटा यांच्याइतके परिचित साधन दुसरे नाही. फ्रान्समधील यूजीन बुर्दाँ यांनी १८४९ मध्ये वाकवलेल्या नळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले आणि बाष्पयंत्राच्या पोटातील दाब बाहेर काट्यावर वाचता येऊ लागला. पुढे मोटारीतील वेगमापक, डॉक्टरांकडील रक्तदाबमापक अशा रूपांनी ही तबकडी सर्वांच्या ओळखीची झाली. आता ती संकेतस्थळांवरही स्थिरावली आहे. धरणांतील पाणीसाठा, हवेची गुणवत्ता, विजेची मागणी, पावसाची नोंद अशी सतत बदलणारी माहिती दाखवणाऱ्या या आलेखाला 'गेज चार्ट' म्हणतात. मराठीत त्याला तबकडी-आलेख म्हणता येईल.

मात्र बुर्दाँच्या तबकडीत आणि पडद्यावरच्या तबकडीत एक मूलभूत फरक आहे. दाबमापकाचा काटा दाबामुळे स्वतःच हलतो. पडद्यावरचा काटा हलतो तो दूरवरून आलेल्या आकड्यामुळे. आकडा यायचा थांबला तरी काटा दिसत राहतो, आणि तो थांबला आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

खर्ड्यात ६५ मिलिमीटरचे मोल

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील खर्डा हे गाव मराठे आणि निजाम यांच्यात १७९५ मध्ये झालेल्या लढाईमुळे इतिहासाला ठाऊक आहे. महसुली कारभारात ते जामखेड तालुक्यातील एक महसूल मंडळ आहे. अशा अवर्षणप्रवण भागात पावसाची नोंद हा केवळ कुतूहलाचा विषय नसतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला, की शासनदरबारी ती अतिवृष्टी ठरते आणि पीकहानीच्या पंचनाम्यांना आधार मिळतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेतही भरपाई ठरते ती हवामान केंद्राच्या नोंदींवरून. म्हणजे मंडळातल्या एका उपकरणाने सांगितलेला आकडा अनेक गावांच्या हिशेबात शिरतो.

या नोंदी वेगाने आणि एकसारख्या मिळाव्यात यासाठी राज्य शासनाने 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून स्कायमेट या खासगी कंपनीच्या सहभागाने महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची मोजणी तेथे होते. कृषी विभागाचे 'महारेन' हे संकेतस्थळ मंडळनिहाय पावसाची आकडेवारी देते.

थेंबापासून काट्यापर्यंत

स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा तराजूसारखी डोलणारी एक छोटी दुहेरी पन्हळ असते. नरसाळ्यातून आलेल्या पाण्याने तिची एक बाजू भरली की ती कलते, पाणी सांडते आणि दुसरी बाजू वर येते. प्रत्येक कलण्याला चुंबकाच्या साह्याने एक विद्युत संकेत उमटतो. एक कलणे म्हणजे उपकरणानुसार साधारणतः ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस. ०.२ च्या हिशेबाने ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ३२५ वेळा कलणे. मुसळधार पावसात पन्हळ कलत असतानाच थोडे पाणी निसटते आणि नोंद किंचित कमी भरते. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला किंवा कोळ्याने जाळे विणले, तरी हाच परिणाम होतो.

संकेतांची बेरीज केंद्रातील नोंदयंत्रात साठते. तेथून ती मोबाइलच्या जाळ्यावरून सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हरवरून वाचकाच्या ब्राउझरमध्ये येते. या साखळीतील शेवटचा दुवा जुळायला बराच काळ लागला. पूर्वी नवा आकडा पाहण्यासाठी संपूर्ण पान पुन्हा उतरवून घ्यावे लागे. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये दिलेल्या सोयीमुळे पान तसेच ठेवून मागच्या मागे केवळ आकडा मागवणे शक्य झाले. २००५ मध्ये या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव मिळाले. त्या काळात तबकड्या प्रामुख्याने फ्लॅशमध्ये रेखाटल्या जात. कोलकात्यात पल्लव नधानी यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फ्यूजनचार्ट्स'ने या क्षेत्रात जगभर ग्राहक मिळवले. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपला. आजच्या तबकड्या ब्राउझरच्या स्वतःच्या रेखाटन-सुविधांवर, म्हणजे एसव्हीजी किंवा कॅनव्हासवर, उभ्या असतात.

आकडा आणण्याच्या आज तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत ब्राउझर ठराविक वेळाने सर्व्हरला विचारत राहतो. दुसरीत सर्व्हर उघड्या ठेवलेल्या एकेरी वाटेने नवी नोंद स्वतः धाडतो. तिसरी पद्धत वेबसॉकेटची. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत दोन्ही बाजूंनी अखंड संवाद चालतो. शेअर बाजाराच्या भावांना तिसरी पद्धत शोभते. पावसाला पहिली पुरते. केंद्राकडून दर दहा मिनिटांनी नोंद येते असे धरले आणि पान दर पाच सेकंदांनी विचारणा करू लागले, तर दहा मिनिटांत १२० विचारणा होतील आणि त्यांतली एकच कामाची ठरेल. उरलेल्या ११९ विचारणांनी वाचकाचा डेटा आणि मोबाइलची बॅटरी तेवढी खर्ची पडते. माहिती जितक्या वेगाने जन्मते, तितक्याच वेगाने ती मागवणे शहाणपणाचे.

तबकडीची आखणी

समजा, खर्डा मंडळाच्या २४ तासांच्या पावसासाठी तबकडी करायची आहे. ० ते २४० मिलिमीटर अशी मोजपट्टी २४० अंशांच्या कमानीवर बसवली, की हिशेब सोपा होतो: एका मिलिमीटरला एक अंश. ६५ मिलिमीटरला काटा आरंभापासून ६५ अंशांवर असेल. रंगपट्ट्यांसाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाची वर्गवारी हाताशी आहे. १५.६ ते ६४.४ मिलिमीटर मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. मोजपट्टी १०० वरच संपवली, तर १३० मिलिमीटर पावसातही काटा टोकाला अडून बसेल आणि संकटाची तीव्रताच झाकली जाईल. लाल-हिरव्यातला भेद न ओळखू शकणाऱ्या वाचकांसाठी रंगाखेरीज आकडाही ठळक अक्षरांत हवा.

आरंभबिंदूचा प्रश्न याहून नाजूक असतो. सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरण हे त्याचे बोलके उदाहरण. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातील सुमारे ६३.७ टीएमसी मृतसाठा आणि ५३.६ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी सांगितली जाते ती उपयुक्त साठ्याची. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे रिकामे धरण नव्हे, आणि पाणी मृतसाठ्यात उतरले की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली होती. उणे ५० टक्क्यांनाही धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी असते. भरल्या धरणाची टक्केवारी शंभराच्याही पुढे जाते. ० ते १०० अशी साचेबद्ध तबकडी उजनीला लावली, तर दुष्काळात आणि पुरात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, ती मुकी होईल.

शून्य आणि 'नोंद नाही'

सर्वांत मोठी गफलत होते ती नोंद न आल्यास. केंद्राची विद्युतघटी उतरली, मोबाइलचे जाळे कोलमडले किंवा नरसाळे तुंबले, तर पडद्यावर काय दिसावे? अनेक तयार साधनांत रिकाम्या जागी शून्य भरले जाते, किंवा काटा शेवटच्या आकड्यावर थांबून राहतो. दोन्ही मार्ग फसवे आहेत. 'पाऊस शून्य' हे एक मोजमाप आहे. 'नोंद नाही' हे मोजमापच नव्हे. खर्ड्यासारख्या ठिकाणी वादळी रात्री यंत्र बंद पडले आणि पडद्यावर शून्य उमटले, तर ज्या रात्री पीक आडवे झाले ती रात्र कोरडी म्हणून वाचली जाईल.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या मोजणीची वेळ पाठवावी आणि तबकडीखाली ती छापावी. अपेक्षित अंतराच्या दुप्पट-तिप्पट वेळ उलटूनही नवी नोंद न आल्यास तबकडी करडी करून काटा काढून टाकावा आणि 'नोंद उपलब्ध नाही' असे स्पष्ट लिहावे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. त्या वेळी बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते, हेही तेथेच नमूद हवे. अन्यथा रात्री ७० वर असलेला काटा सकाळी ० वर पाहून वाचक गोंधळतो. काटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर सावकाश सरकताना दिसतो, तो सरकण्याचा आभास संगणकाने रचलेला असतो. मधले आकडे प्रत्यक्षात कोणी मोजलेले नसतात.

मर्यादा

तबकडी 'आत्ता किती' एवढेच सांगते. पाऊस वाढतो आहे की ओसरतो आहे, गेल्या आठवड्यात किती झाला, हे ती सांगू शकत नाही. माहितीच्या मांडणीचे अमेरिकी अभ्यासक स्टीफन फ्यू यांनी तबकड्यांवर याच कारणाने टीका केली: जागा पुष्कळ व्यापतात आणि सांगतात थोडे. त्यांनी सुचवलेला 'बुलेट ग्राफ' एका आडव्या पट्टीत आकडा, उद्दिष्ट आणि श्रेणी दाखवतो. तबकडीच ठेवायची असेल, तर तिच्याखाली गेल्या काही दिवसांचा छोटा स्तंभालेख असावा.

दुसरी मर्यादा उपकरणाची आहे. पाऊस शिवारागणिक बदलतो, पर्जन्यमापक मात्र एका जागी उभा असतो. तबकडी दाखवते तो त्या जागेचा पाऊस. संपूर्ण मंडळावर तो सारखाच पडला असा अर्थ त्यातून निघत नाही. म्हणून अशा पानावर केंद्राचे ठिकाण आणि मूळ नोंदींचा तक्ता खुला असायला हवा. नोंदीविषयी शंका असणाऱ्या शेतकऱ्याला दाद मागायची झाल्यास त्याच्या उपयोगी पडेल तो हा तक्ता. संकेतस्थळावरची कोणतीही तबकडी वाचताना काट्याआधी चार गोष्टी पाहाव्यात: मोजणीची वेळ, शून्याचा अर्थ, मोजपट्टीचे टोक आणि मोजणीची जागा. त्या दिसत नसतील, तर काट्यापेक्षा मूळ तक्ता गाठावा.