चित्र आणि नोंद : एका जोडणीचा इतिहास

डेटाबेस म्हणजे ठरावीक रकान्यांत मांडलेल्या व परस्परांशी जोडलेल्या नोंदींचा साठा, आणि चित्रसंपादनाचे साधन म्हणजे पडद्यावरील चित्राचे रंग, आकार व मजकूर बदलू देणारी संगणकप्रणाली. नोंद बदलली की माणसाचा हात न लागता चित्रही बदलावे, अशी व्यवस्था या दोहोंत उभी करण्याला आज कार्यप्रवाहाचे स्वयंचालन म्हणतात, आणि तिचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगणे अपुरे आहे, कारण वेग फार आधी आला होता. नोंदीला रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याला नाव असते. चित्र मात्र एकसंध पृष्ठभाग असते, आणि त्याच्या कोणत्या भागाशी कोणता रकाना जुळतो हे यंत्राला सांगायचे तर त्या भागांनाही नावे द्यावी लागतात. ती नावे चित्राला कशी मिळत गेली, हा या इतिहासाचा गाभा होय.

हर्मन हॉलरिथ यांच्या छिद्रपत्रांनी अमेरिकेची १८९०ची जनगणना मोजली, तेव्हापासून नोंद यंत्राला वाचता येऊ लागली होती, परंतु चित्र या व्यवहाराबाहेरच राहिले. ते प्रथम आत आले दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस या युद्धकालीन गुप्तवार्ता संस्थेत जॉन लँगन यांनी १९४३ साली छिद्रपत्राला एक खिडकी कापून तिच्यात मायक्रोफिल्मचा, म्हणजे अतिलहान करून घेतलेल्या छायाचित्राच्या फितीचा, तुकडा बसवला. या ‘ॲपर्चर कार्डा’च्या उरलेल्या स्तंभांत चित्राचा क्रमांक व वर्णन छिद्रांनी नोंदलेले असे, त्यामुळे पत्रे चाळणारे यंत्र हवे ते चित्र शोधून बाहेर काढू शकत असे. पुढे अभियांत्रिकी आराखडे जपण्यासाठी हे पत्र अनेक दशके वापरले गेले. चित्र आणि नोंद येथे एकाच पुठ्ठ्यावर नांदत होती. पण नोंद चित्राला फक्त शोधू शकत होती, त्याच्या आत शिरून काही बदलू शकत नव्हती. ही मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढची पन्नास वर्षे ती जवळजवळ तशीच राहिली.

मजकुराच्या बाबतीत मात्र ती लवकर ओलांडली गेली. १९८०च्या सुमारास वर्डस्टार या लेखनप्रणालीला जोडून आलेल्या मेलमर्जने एकाच पत्राच्या मसुद्यात नावापत्त्यांच्या यादीतील ओळी आपोआप भरून शेकडो पत्रे छापून देण्याची सोय केली. मसुद्यात रिकामी जागा सोडायची आणि त्या जागेला रकान्याचे नाव द्यायचे, हा त्यातील विचार साधा होता, आणि नंतरच्या सगळ्या जोडण्या त्याच विचारावर उभ्या राहिल्या.

चित्रात मात्र अशी नाव दिलेली जागा उशिरा आली. थॉमस नॉल यांनी मिशिगन विद्यापीठात शिकत असताना १९८७ साली लिहायला घेतलेली आणि त्यांचे बंधू जॉन यांच्या साहाय्याने वाढवलेली फोटोशॉप ही प्रणाली ॲडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणली. तिच्या पहिल्या आवृत्त्यांत चित्र म्हणजे पिक्सेलांचे, अर्थात रंगीत ठिपक्यांचे, एकच जाळे होते. त्यावर अक्षरे टाकली की तीही क्षणात ठिपके होऊन जात, आणि वस्तूची किंमत बदलली तर तो भाग पुसून पुन्हा रंगवण्यावाचून उपाय नसे. १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीने लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले स्वतंत्र थर, आणले आणि प्रत्येक थराला नाव देता येऊ लागले. १९९८च्या पाचव्या आवृत्तीत मजकुराचा थर ठिपक्यांत न विरघळता नंतरही दुरुस्त करता येईल असा झाला. कलाकाराच्या सोयीसाठी केलेले हे दोन बदल स्वयंचालनाच्या इतिहासात सर्वांत निर्णायक ठरतात. ‘किंमत’ या नावाचा, आतून बदलता येणारा थर अस्तित्वात आल्याशिवाय डेटाबेसातील किमतीच्या रकान्याला चित्रात उतरायला जागाच नव्हती.

१९९६ साली चौथ्या आवृत्तीत आलेल्या ‘ॲक्शन’, म्हणजे एकदा केलेल्या कृतींची मालिका नोंदवून ती शेकडो चित्रांवर पुन्हा चालवण्याच्या सोयीने, आकार बदलणे किंवा रंग सुधारणे यांसारखी कंटाळवाणी कामे हलकी केली हे खरे. परंतु ॲक्शन आंधळी होती. समोरचे चित्र कोणत्या वस्तूचे आहे हे तिला ठाऊक नसे. ते ठाऊक असणारा दुवा बाहेरून यावा लागला. ॲपलने १९९३ साली आणलेल्या ॲपलस्क्रिप्ट या आज्ञाभाषेत एक प्रणाली दुसरीला निरोप देऊ शकत असे, त्यामुळे छपाईपूर्व कामे करणाऱ्यांना फाइलमेकर या डेटाबेसप्रणालीतील नोंद वाचून ती क्वार्कएक्सप्रेस या पानजुळणीच्या प्रणालीतील पानावर मांडणाऱ्या आज्ञावल्या लिहिता आल्या. जाड विक्रीसूच्यांची पाने हाताने जुळवणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवरचा ताण ज्यांनी खरोखर कमी केला, त्या या आज्ञावल्यांना इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

२००१च्या इलस्ट्रेटर १० या चित्ररेखाटनाच्या प्रणालीत ॲडोबीने रकान्याचे नाव दिलेल्या जागेचा विचार आत आणला आणि ‘व्हेरिएबल’, म्हणजे मूल्य बदलत राहील अशी नामांकित जागा, चित्रातील वस्तूंना बांधता येऊ लागली. त्याच सुमारास आलेला ऑल्टरकास्ट हा सर्व्हर डेटाबेसातील मूल्ये घेऊन साच्यांतून संकेतस्थळांसाठी चित्रे घडवत असे. फोटोशॉपमध्ये आजही आढळणारी व्हेरिएबलांची व्यवस्था तीन प्रकारच्या बदलांपुरती आहे : थर दिसावा की नाही, थरातील चित्र कोणते असावे आणि मजकूर काय असावा. पहिल्या ओळीत व्हेरिएबलांची नावे आणि पुढच्या प्रत्येक ओळीत एका चित्राची मूल्ये, अशी साधी मजकूर फाइल तिला पुरते. मेलमर्जची वंशावळ येथे स्पष्ट दिसते.

दुसरी वाट पडद्याचीच गरज नाकारणारी होती. ड्युपाँ कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली सुरू केलेले आणि १९९० साली सर्वांसाठी खुले केलेले इमेजमॅजिक हे साधन केवळ लिखित आज्ञांनी चित्र कापते, लहानमोठे करते व त्यावर अक्षरे उमटवते. म्हणून सर्व्हरवरील आज्ञावलीच्या साखळीत ते सहज बसले.

या जोडणीत चित्र नेमके कोठे ठेवावे, हाही एक वाद होता. चित्राची फाइल ‘ब्लॉब’ म्हणून, म्हणजे अर्थ न उलगडलेला बाइटांचा गठ्ठा म्हणून, डेटाबेसातच ठेवता येते, किंवा बाहेर ठेवून फक्त तिचा पत्ता नोंदता येतो. डेटाबेस-संशोधक जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली केलेल्या तुलनेत २५६ किलोबाइटहून लहान फाइल डेटाबेसात आणि १ मेगाबाइटहून मोठी बाहेर ठेवणे हितकर दिसले.

नोंद बदलल्याचा निरोप चित्राच्या साधनापर्यंत आपोआप पोहोचावा, ही कडी उरली होती. २००७ साली जेफ लिंडसे यांनी ‘वेबहूक’ ही संज्ञा रूढ केली. एका सेवेत घटना घडताच तिने दुसऱ्या सेवेच्या पत्त्यावर निरोप धाडणे, असा तिचा अर्थ. २०११ साली सुरू झालेली झॅपियर आणि यान ओबरहाउझर यांनी बर्लिनमध्ये २०१९ साली खुली केलेली एनएटएन या सेवांनी असे निरोप आज्ञावली न लिहिता, चौकटी रेषांनी जोडून, गुंफण्याची सोय केली.

मराठीत ही साखळी एका वेगळ्याच कडीपाशी तुटत आली आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने आणि श्री-लिपीसारख्या संचांनी देवनागरी अक्षरजुळणी संगणकावर आणली खरी, परंतु त्यांच्या बहुतेक फाँटांत देवनागरी अक्षरखंड रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत आणि प्रत्येक संचाची मांडणी निराळी असे. छापील पानावर सुरेख दिसणारे नाव डेटाबेसात पाहिले तर रोमन चिन्हांची निरर्थक रांग दिसे, वर्णानुक्रम लागत नसे आणि दुसऱ्या फाँटाच्या साच्यात तीच रांग भलताच मजकूर दाखवी. १९९१च्या युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या संकेतपद्धतीने ‘क’ला ०९१५ हा षोडशमान पद्धतीतला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणजे थरांना जसे नाव मिळाले तसे अक्षरांनाही मिळाले, तरीही फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या जोडाक्षरे फोडून दाखवत आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणत नसत, त्यामुळे मराठी पाने जुळवणारे लोक जुन्या फाँटांनाच धरून राहिले, आणि त्यांचा तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. जुन्या फाँटांत वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे आधी, टंकली जाई, तर युनिकोडात ती व्यंजनानंतर साठवली जाते. म्हणून अशा नोंदी नव्या साखळीत आणताना चिन्हे बदलणे पुरत नाही, त्यांचा क्रमही फिरवावा लागतो, आणि ते करण्यासाठी मूळ मजकूर कोणत्या फाँटात टंकला होता हे कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवलेले असावे लागते.