मृत्युपत्रात नसलेली नाती

डिसेंबर १७७१ मध्ये व्हर्जिनियातल्या एका तरुण वकिलाने पन्नास पौंडांचे हमीपत्र लिहून दिले. चार्ल्स सिटी काउंटीतील मार्था स्केल्टन या विधवेशी आपला विवाह ठरला आहे, त्याला कायद्याची काही आडकाठी नाही, आणि तशी निघालीच तर ही रक्कम आपण राजाला देणे लागू, असा त्याचा आशय. वकिलाचे नाव टॉमस जेफरसन. जामीन राहिला फ्रान्सिस एप्स. लग्न १ जानेवारी १७७२ रोजी लागले. साडेचार वर्षांनी याच वकिलाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला आणि त्याला राजा उरला नाही; पण तो भाग सर्वांना ठाऊक आहे. वंशावळीच्या अभ्यासकाला रस असतो तो हमीपत्रातल्या दोन शब्दांत : 'विधवा' आणि 'एप्स'.

'विधवा' म्हटल्यावर 'स्केल्टन' हे वडिलांचे आडनाव नव्हे, पहिल्या नवऱ्याचे, हे कळते. मार्थाचे माहेर वेल्स. वडील जॉन वेल्स हे इंग्लंडातून येऊन वकिली, तंबाखूचे मळे आणि गुलामांचा व्यापार यांवर श्रीमंत झालेले गृहस्थ. आणि जामीन? तो बहुधा नवरीच्या नात्यातला असे, म्हणून जामिनाचे आडनाव कधीच सोडून द्यायचे नसते. फ्रान्सिस एप्स हा मार्थाच्या सावत्र बहिणीचा नवरा, शिवाय तिच्या आईच्या माहेरचा. एका जामिनाच्या नावावरून नवरीच्या आजोळापर्यंत वाट सापडते.

वसाहतकालीन अमेरिकेत लग्नाची नोंद सगळीकडे सारखी होत नव्हती. व्हर्जिनियात इंग्लंडच्या चर्चचा अंमल. तिथे तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा करायचा, नाही तर हमीपत्र देऊन परवाना काढायचा. उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांच्या लेखी विवाह हा संस्कार नव्हता, दिवाणी करार होता. प्लिमथमधले पहिले लग्न १६२१ च्या मे महिन्यात लागले ते धर्मगुरूपुढे नव्हे, गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांच्यापुढे. त्यामुळे पूर्वज उत्तरेकडचा असेल तर गावाच्या कारकुनाची वही चाळायची, दक्षिणेकडचा असेल तर चर्चची आणि कचेरीची. कचेरीची, म्हणजे ती शिल्लक असेल तर. व्हर्जिनियातल्या कित्येक काउंट्यांनी आपली दप्तरे यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला हलवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर सोडताना लागलेल्या आगीत ती तिथेच खाक झाली. अभ्यासकांच्या बोलण्यात 'जळालेल्या काउंट्या' हा शब्दच रुळला आहे.

लग्नाचा कागद नसेल तिथे मृत्युपत्र मदतीला येते. बाप मरताना 'माझी मुलगी सेरा' असे लिहून तिच्यापुढे सासरचे आडनाव घालतो आणि हरवलेले लग्न सापडते. पण त्या काळचे शब्द आजच्या अर्थाने घेतले की घोटाळा झालाच म्हणून समजा. 'मदर-इन-लॉ' म्हणजे कित्येकदा सावत्र आई. 'कझिन' म्हणजे पुतण्याही असू शकतो. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेक असतीलच असे नाही. एका गावातले एकाच नावाचे दोन पुरुष, त्यांतला थोरला आणि धाकटा, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. एखाद्या मुलाला फक्त एक शिलिंग ठेवला तर बापाचा राग होता असे लगेच समजू नये. त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असू शकतो. तारखांचीही तीच गत. १७५२ पर्यंत इंग्रजी कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारीतले मूल नोंदीत आदल्या वर्षीचे दिसते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या रीतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या रीतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा.

याहून मोठी अडचण अशी, की मृत्युपत्र नाती सांगण्यासाठी लिहिलेलेच नसते. कोणाला काय मिळणार, एवढेच त्याला सांगायचे असते. आपल्याकडच्या कुलवृत्तांताचा हेतूच मुळी कुळाची माणसे नोंदवण्याचा. मृत्युपत्रात माणूस येतो तो मालमत्तेच्या एका टोकाला उभा असतो म्हणून : घेणारा म्हणून येतो, किंवा दिली जाणारी वस्तू म्हणून. वेल्स घराण्यात ही दोन्ही टोके एकाच रक्ताची होती.

१७४६ मध्ये जॉन वेल्स यांनी मार्था एप्स यांच्याशी लग्न केले. लग्नाआधीच्या करारनाम्यानुसार एप्स कुटुंबाकडून काही गुलाम नवरीबरोबर आले. त्यांच्यावर हक्क तिचा आणि तिच्या वारसांचा राहील अशी अट होती. त्यांत एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची लहान मुलगी होती. मार्था एप्स १७४८ मध्ये मुलीच्या जन्मानंतर लवकरच वारल्या. ती मुलगी म्हणजे पुढे जेफरसनची बायको झालेली मार्था. वेल्स यांनी आणखी दोन लग्ने केली. तिसरी बायको १७६१ मध्ये गेली. त्यानंतर एलिझाबेथ हेमिंग्जला त्यांच्यापासून सहा मुले झाली. सगळ्यांत धाकटी सॅली, जन्म १७७३. त्याच वर्षी वेल्स वारले.

या सहा मुलांचा बाप सांगणारा एकही सरकारी कागद नाही, आणि असणारही नव्हता. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाची स्थिती आईवरून ठरे. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. गुलामांच्या लग्नाला कायद्यात स्थान नसल्यामुळे लग्नाची नोंदही नाही. १७७४ मध्ये वाटणी झाली तेव्हा जेफरसनच्या वाट्याला सुमारे ११,००० एकर जमीन, १३५ गुलाम आणि मोठे कर्ज आले. जेफरसनने आपल्या शेतीच्या वहीत गुलामांची यादी केली. तीत एलिझाबेथ आणि तिची मुले आहेत. मार्थाला वारशात तिची सावत्र भावंडे मिळाली. यादी करणाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

मार्था १७८२ मध्ये वारली. पाच वर्षांनी सॅली जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबतीण म्हणून पॅरिसला गेली. तिच्या मुलांचे जन्म जेफरसनच्या वहीत आईच्या नावाखाली आहेत, बापाची जागा नाही. मार्च १८२६ मध्ये जेफरसनने मृत्युपत्राला पुरवणी जोडून पाच जणांना मुक्त केले. पाचही हेमिंग्ज कुटुंबातले. त्यांत मॅडिसन आणि एस्टन हे सॅलीचे मुलगे : जॉन हेमिंग्ज या सुताराकडे, म्हणजे त्यांच्या मामाकडे, त्यांनी उमेदवारी करायची आणि एकविसाव्या वर्षी मोकळे व्हायचे. मुक्त झालेल्याने वर्षभरात राज्य सोडावे असा कायदा होता, म्हणून त्यांना राहू देण्याची विनंतीही विधिमंडळाला केलेली आहे. एवढी बारीक काळजी घेणाऱ्या त्या कागदात सॅलीचे नाव मात्र नाही. जेफरसनच्या मुलीने तिला गाजावाजा न करता जाऊ दिले. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोवरच्या इतर सुमारे १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला.

१८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्रात मॅडिसन हेमिंग्जने आपली हकीकत सांगितली : आजीचा मालक जॉन वेल्स हे आपले आजोबा, जेफरसन हे वडील. वेल्सबद्दलची गोष्ट मॉन्टिसेलोवरच्या आयझॅक नावाच्या दुसऱ्या एका मुक्त गुलामानेही १८४० च्या दशकात सांगितलेली होती. तरीही शंभराहून अधिक वर्षे बहुतेक इतिहासकारांनी मॅडिसनचे म्हणणे बाजूला ठेवले. जेफरसनच्या गोऱ्या नातवंडांनी भाच्यांकडे बोट दाखवले होते, ते मात्र त्यांना पुरेसे वाटले. दोन्हीकडे होत्या त्या घरातल्या तोंडी गोष्टीच. ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ च्या पुस्तकात नेमके यावरच बोट ठेवले. पुरावा एकाच जातीचा, मोजमापे मात्र दोन.

वर्षभरातच जनुकचाचणी झाली. एस्टनच्या पुरुषवंशातला वारस आणि जेफरसनच्या चुलत्याच्या पुरुषवंशातले वारस यांचे वाय गुणसूत्र जुळले. भाच्यांच्या घराण्याचे जुळले नाही. चाचणी फक्त जेफरसन घराण्यातला पुरुष एवढेच सांगते, अमुक एक पुरुष नाही. नाव ठरवायला पुन्हा वह्यांकडेच यावे लागले : सॅलीच्या प्रत्येक ज्ञात मुलाच्या जन्माआधी नऊ महिने टॉमस जेफरसन मॉन्टिसेलोवर होता. आज बहुतेक इतिहासकार मॅडिसनचे म्हणणे खरे मानतात.

जॉन वेल्सची दुसरी मुलगी एलिझाबेथ ही जामीन राहिलेल्या फ्रान्सिस एप्सची बायको. तिने मुलाचे नाव जॉन वेल्स एप्स ठेवले. पुढे तो जेफरसनचाच जावई झाला. एस्टनने १८३२ मध्ये लग्न केले, तीन वर्षांनी मुलगा झाला. १८५० च्या दशकात हे कुटुंब विस्कॉन्सिनला गेले, गोरे म्हणून राहू लागले आणि जेफरसन हे आडनाव लावू लागले. तो मुलगा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात विस्कॉन्सिनच्या आठव्या पलटणीत कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला. सैन्याच्या दप्तरात त्याचे नाव आहे : जॉन वेल्स जेफरसन.