घरच्या बागेतील संकरित लिली : निवड, लागवड आणि निगा
(बेळगाव–निपाणी परिसरासाठी)

आपल्या भागाला लिली नवीन नाही. जुन्या घरांच्या परसात, विहिरीच्या काठाला, देवळाच्या आवारात पांढरी स्पायडर लिली, पांढऱ्या पट्ट्याची तांबडी लिली आणि मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुटणारी ‘मे फ्लॉवर’ आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. अलीकडे मात्र रोपवाटिकांत आणि ऑनलाइन हॉलंडहून आलेल्या कंदांची पाकिटे मिळू लागली आहेत. चित्र पाहून कंद घेतले जातात, पहिल्या वर्षी फूल येते आणि दुसऱ्या वर्षी कुंडी रिकामी राहते. असे का होते आणि आपल्या हवेत कोणती लिली टिकते, ही माहिती सभासदांना एका ठिकाणी मिळावी म्हणून हे टिपण.

एक नाव, अनेक झाडे

बाजारात ‘लिली’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या कुळांतील झाडे विकली जातात. त्यांची निगा वेगळी असल्याने खरेदीपूर्वी नाव विचारून घ्यावे.

१) लिलियम : ही खरी लिली. लसणीसारख्या सुट्या पाकळ्यांचा कंद, उभा दांडा, त्यावर मोठी फुले.
२) हिपिअ‍ॅस्ट्रम : आपण जिला अ‍ॅमरिलिस म्हणतो ती. कांद्यासारखा मोठा कंद, पोकळ दांडा, कर्ण्यासारखी फुले.
३) झेफिरँथस : पावसाळी लिली. लहान कंद, गवतासारखी पाने.
४) हेमेरोकॅलिस किंवा डे लिली : हिला कंद नसतो, जाड मुळे असतात. प्रत्येक फूल एकच दिवस टिकते, पण दांड्यावर रोज नवे उमलते.

‘हायब्रीड’ म्हणजे काय?

हायब्रीड म्हटले की आपल्याकडे ज्वारी-मक्याचे बियाणे आठवते, जे दरवर्षी नवे घ्यावे लागते. लिलीचे तसे नाही. दोन जातींच्या संकरातून एकदा चांगले झाड मिळाले की पुढे त्याच्या कंदाला येणारी पिल्ले हुबेहूब आईसारखी निघतात. बियांपासून केलेली रोपे मात्र वेगळी निघू शकतात.

हिपिअ‍ॅस्ट्रमचा पहिला नोंदलेला संकर १७९९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आर्थर जॉन्सन या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने केला. पांढऱ्या पट्ट्याची जुनी तांबडी लिली याच ‘जॉन्सोनी’ संकराची म्हणून ओळखली जाते. पावसाळी लिलीचे संकर आपल्या देशातही झाले. कलकत्त्याला अलीपूरच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीत सिडनी पर्सी-लँकेस्टर यांनी हे काम केले. लिलियमच्या संकरांना जगभर चालना मिळाली ती अमेरिकेत ओरेगॉन येथे यान द ग्राफ यांनी केलेल्या कामामुळे. लोकप्रिय गुलाबी ‘स्टार गेझर’ ही १९७० च्या दशकातील. तिचे फूल खाली न झुकता वर पाहते, म्हणून हे नाव.

आपली हवा आणि माती

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. पाऊस भरपूर, माती तांबडी आणि निचऱ्याची. खानापूरकडे पाऊस वाढत जातो. निपाणी-चिकोडीकडे तो कमी होतो आणि काळी माती लागते. कंदाला ओल चालते, साचलेले पाणी चालत नाही. म्हणून काळ्या मातीत २० ते २५ सेंटिमीटर उंच वाफा करावा किंवा सरळ कुंडी वापरावी. कुंडीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण चांगले. ताजे शेण घातल्यास कंद कुजतो.

कोणती निवडावी?

*नवशिक्यांसाठी पावसाळी लिली.* पांढरी, गुलाबी, पिवळी आणि आता संकरित केशरी, दुरंगी, दुहेरी पाकळ्यांचीही मिळते. कंद ३ ते ५ सेंटिमीटर खोल, दाटीने लावावेत. वळवाच्या पहिल्या पावसानंतर काही दिवसांतच फुले दिसतात. एकदा लावली की वर्षानुवर्षे राहते.

*खर्चाच्या मानाने सर्वांत फायद्याची हिपिअ‍ॅस्ट्रम.* आपली हवा तिला मानवते. कंद जितका मोठा तितके दांडे जास्त. पाकिटावर २४/२६ असे आकडे असतात, तो कंदाचा सेंटिमीटरमधील घेर. कुंडी कंदापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटरच मोठी असावी आणि कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा. फुले झाल्यावर दांडा कापावा, पाने कधीही कापू नयेत. पाने म्हणजे कंदाच्या खात्यात होणारा भरणा. तो बंद झाला तर पुढच्या वर्षी काढायला काही उरत नाही.

*कुंपणाकडेला डे लिली.* बारमाही हिरवी राहणारी जात मागावी. हिवाळ्यात पाने झडणाऱ्या जातींना कडक थंडी लागते, त्या येथे नीट फुलत नाहीत.

*हौसेसाठी लिलियम.* यात एशियाटिक (सुवास नाही, लवकर फुलणारी), ओरिएंटल (सुवासिक, उशिरा फुलणारी) आणि एल.ए. संकर (मोठे फूल, उष्णता जास्त सोसणारे) हे मुख्य गट. आपल्याकडे एल.ए. आणि एशियाटिक बरे. ओरिएंटलला लांब, थंड हंगाम लागतो.

लिलियम दुसऱ्या वर्षी का येत नाही?

या कंदाला फूल धरण्यासाठी दीड-दोन महिने २ ते ५ अंश थंडी लागते. आयात केलेले कंद शीतगृहातूनच येतात, म्हणून पहिले वर्ष साधते. बेळगावची डिसेंबर-जानेवारीची रात्र आपल्याला गार वाटली तरी कंदाच्या हिशेबाने ती पुरत नाही. शिवाय पावसाळ्यात जमिनीत राहिलेला कंद सडतो.

उपाय असा : लागवड ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात करावी. दांड्यालाही कंदाच्या वर मुळे फुटतात, म्हणून कंद १० ते १५ सेंटिमीटर खोल लावावा. सकाळचे ऊन, दुपारी सावली द्यावी. एशियाटिक साधारण दोन ते तीन महिन्यांत, ओरिएंटल साडेतीन ते चार महिन्यांत फुलते. पाने पिवळी पडल्यावर कंद काढून, किंचित ओल्या कोकोपीटमध्ये, छिद्रे पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. शेजारी पिकलेली केळी-सफरचंदे नकोत, त्यांतून निघणाऱ्या वायूने आतला अंकुर बिघडतो. एवढे करूनही दुसऱ्या वर्षी फुले कमी येतात. म्हणून लिलियमवर खर्च करताना तो एका हंगामाचा धरावा.

वर्षाचे वेळापत्रक (हिपिअ‍ॅस्ट्रम व पावसाळी लिली)

• नोव्हेंबर–जानेवारी : हिपिअ‍ॅस्ट्रमचे पाणी हळूहळू तोडून विश्रांती द्यावी.
• फेब्रुवारी : वरची माती बदलून पाणी सुरू करावे. सहा ते आठ आठवड्यांत फुले.
• एप्रिल–मे : दाट झालेली पावसाळी लिली सोडवून नव्या कुंड्यांत लावावी.
• जून–सप्टेंबर : कुंड्यांची भोके मोकळी ठेवावीत. महिन्यातून एकदा थोडे गांडूळखत.
• ऑक्टोबर : राख किंवा पालाशयुक्त खत, म्हणजे कंद भरतो.

कीड आणि रोग

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या एका रात्रीत पाने फस्त करतात. रोज पाहणी करून त्या हाताने वेचणे हाच उत्तम मार्ग. पाठोपाठ निंबोळी अर्क फवारावा. पानांवर व कंदावर तांबडे चट्टे पडल्यास ती बुरशी समजावी. तो भाग कापून जाळावा आणि वरून पाणी घालणे थांबवावे. पानांवर फिकट-गडद पट्टे दिसले तर तो विषाणू असतो. त्याला औषध नाही, मावा तो पसरवतो. तो कंद काढून टाकावा.

निपाणी भागात तंबाखूचा काढा फवारण्याची जुनी पद्धत आहे. त्यातील निकोटिन माणसांना व जनावरांनाही विषारी असल्याने घरच्या कुंड्यांवर तो वापरू नये.

सावधगिरी : हे आवर्जून वाचावे

घरात मांजर असेल तर लिलियम आणि डे लिली आणू नये. पान, फूल, पराग, एवढेच काय फुलदाणीतील पाणीसुद्धा मांजराच्या पोटात गेल्यास एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होते. तसा संशय आला तर उलटी-सुस्तीची वाट न पाहता त्याच तासाला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. उशीर झाल्यास उपचार लागू पडत नाहीत. भेट म्हणून आलेल्या गुच्छातही लिली असते, हे मुलांना व सुनांना सांगून ठेवावे.

हिपिअ‍ॅस्ट्रम आणि पावसाळी लिलीचे कंद कांद्यासारखे दिसतात, पण खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत. रानातून बागेत आणली जाणारी कळलावी तर माणसासाठीही जीवघेणी आहे. लहान मुले असलेल्या घरी ती नकोच.

कंद कोठून घ्यावेत?

कंद हाताला घट्ट व जड लागावा, बुरशीचा वास नसावा. लिलियमचा कंद सुरकुतलेला घेऊ नये. अधिक शास्त्रीय सल्ल्यासाठी आपल्याच जिल्ह्यात अरभावी येथे कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय आहे.

मात्र विकत घेण्याआधी आपल्या नातेवाइकांच्या परसात एकदा पाहावे. घर पाडून इमारत बांधताना जुन्या तांबड्या लिलीचे कंद मातीबरोबर डंपरमध्ये जातात. पन्नास वर्षे आपल्या पावसात टिकलेला तो कंद कोणत्याही पाकिटापेक्षा खात्रीचा आहे. तो आधी उचलून कुंडीत लावावा आणि पिल्ले आली की शेजाऱ्यांना द्यावीत.